घरी बांधलेला यांत्रिक घण आणि पाती घडविण्याचे कसब

तापलेल्या पोलादाला आकार देण्यास एका माणसाचे बाहुबल पुरत नाही, ही गोष्ट लोहारकामाच्या आरंभापासून सर्वांस ठाऊक आहे. एका हातात सांडशी व दुसऱ्या हातात हातोडी घेऊन ऐरणीशी बसलेला कसबी कारागीर आणि त्याच्या समोर उभा राहून दोन्ही हातांनी घण घालणारा साथीदार, अशी जोडी आपल्याकडील बलुतेदार लोहाराच्या साळेत, जपानातील तलवारी घडविणाऱ्यांच्या भट्टीपाशी आणि युरोपातील खेडोपाडीच्या लोहारशाळांत जवळजवळ सारख्याच शिरस्त्याने काम करीत आली. हातोडीचा हलका ठोका जेथे पडे तेथे जड घाव पडावयाचा, आणि हातोडीने विराम घेतला की घणानेही थांबावयाचे, हा त्यांच्यातील करार शब्दावाचून पाळला जात असे. महाराष्ट्रभर पाल ठोकून हिंडणाऱ्या घिसाडी कुटुंबांत घण उचलणारे हात पुष्कळदा घरच्या स्त्रीचे असतात, आणि तिच्या घावांची अचूकता ज्याने पाहिली आहे त्याला घण घालणे ही केवळ अंगमेहनत होय असे म्हणण्याचे धैर्य होणार नाही. यांत्रिक घणाचा विचार येथूनच सुरू करावयास हवा. कारण यंत्राने ज्याची जागा घ्यावयाची, तो मालकाच्या मनातला घाव ओळखणारा एक शिकलेला माणूस आहे.

हा साथीदार आता मिळेनासा झाला आहे. जपानात साकाई व एचिझेन येथील सुऱ्या घडविणाऱ्या लोहारांनी विसाव्या शतकात त्याच्या जागी यांत्रिक घण आणला. पंजाबात लुधियाना, बटाला या बाजूचे कारखाने कमानपट्ट्यांवर चालणारे घण बनवीत आले आहेत. परंतु हा घण कारखान्यातून विकत न आणता स्वतःच्या अंगणात बांधावा, ही कल्पना ज्या चळवळीतून जोमाने पुढे आली ती मुख्यतः अमेरिकेतली. तेथे १९७३ साली मेरिलँडच्या बिल मोरान या कारागिराने कॅन्सस शहरातील सुरीकारांच्या प्रदर्शनात थरांचे पोलाद एकजीव करून घडविलेली, अंगावर लाटांसारखी नक्षी उमटलेली पाती मांडली, आणि १९७६ मध्ये त्याच्याच पुढाकाराने घडीव पाती करणाऱ्यांची अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही संस्था स्थापन झाली. तेव्हापासून थरांच्या पोलादाची हौस पसरत गेली, आणि या हौसेने एकट्या कारागिरापुढे असा प्रश्न उभा केला की ज्याचे उत्तर त्याच्या खांद्यापाशी नव्हते.

प्रश्नाचे गणित सोपे आहे. दोन जातींच्या पोलादाच्या ११ पट्ट्या एकावर एक रचून, टाकणखार घालून, सुमारे १२५० अंश सेल्सिअस उष्णतेवर त्या एकजीव केल्या; मग तो ठोकळा लांबवून त्याचे चार तुकडे पाडले व पुन्हा रचले, म्हणजे ४४ थर झाले; तेच पुन्हा केले तर १७६, आणि आणखी एकदा केले तर ७०४. प्रत्येक फेरीत ठोकळ्याची लांबी चौपट करावी लागते, आणि ती करताना लोखंड पुनःपुन्हा भट्टीत जाते, जेथे प्रत्येक खेपेस त्याचा काही अंश खपली होऊन झडतो व पोलादातील कार्बनही थोडा थोडा कमी होतो. दीड किलोच्या हातोडीने हे काम होतच नाही असे नाही. पण जितक्या खेपा अधिक, तितके धातूचे नुकसान अधिक, आणि कारागिराच्या मनगट, कोपर व खांद्याचे तर त्याहूनही अधिक. तेव्हा यांत्रिक घण ही चैन आहे असा जो आक्षेप जुन्या वळणाचे लोक घेतात, तो थरांच्या कामापुरता तरी टिकत नाही. याउलट कमानपट्टा कापून त्याचा ऊसतोडीचा कोयता किंवा घरगुती सुरी करणाऱ्याला घणावाचून अडत नाही. त्याचे काम केवळ जलद होते इतकेच.

घणाची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी, याचे उत्तर इतिहासाने फार पूर्वी दिलेले आहे. इंग्रज अभियंता ब्रुनेल याच्या ‘ग्रेट ब्रिटन’ या जहाजासाठी वल्ह्यांच्या चाकांचा जो प्रचंड आस हवा होता तो घडविण्यास समर्थ असा घण कोणाकडेच नव्हता, म्हणून जेम्स नास्मिथ याने २४ नोव्हेंबर १८३९ रोजी आपल्या टिपणवहीत वाफेच्या घणाचे रेखाटन केले. जहाजाला चाकांऐवजी पंखा बसविण्याचे ठरले, त्यामुळे तो आस लागलाच नाही. प्रत्यक्ष घण प्रथम उभा राहिला तोही फ्रान्समधील ल क्रूझो येथे, फ्रान्स्वा बुर्दोंच्या हातून. आणि नास्मिथने आपला परवाना १८४२ साली घेतला. परंतु या घणाची कीर्ती त्याच्या प्रचंड बळापेक्षा एका नाजूक प्रयोगाने अधिक झाली. काचेच्या पेल्यात अंडे ठेवून, पेल्याला इजा न होता अंड्याचे कवच मात्र तडकावे, इतक्या अलगद तो टनावारी वजनाचा घण खाली आणून दाखविला जाई. ज्या घणाला हलका घाव घालता येत नाही तो घण पाती घडविण्याच्या उपयोगाचा नाही, हे माझे ठाम मत या एका दाखल्यावर उभे आहे, आणि पुढील सर्व रचना याच मापाने मोजावयाच्या आहेत.

घरी बांधण्याजोग्या रचना मुख्यतः तीन. पहिली कमानपट्ट्यांची, अमेरिकेत ‘रस्टी’ या नावाने प्रसिद्ध असलेली. मोटारीखालच्या पाट्यांचा जुडगा मधोमध टेकूवर तोलून त्याचे एक टोक मध्यापासून बाजूला खुंटी असलेल्या चाकाला व दुसरे टोक घणाला जोडावयाचे, इतकी ती साधी आहे. येथे लवचिकपणा ही सोय नसून गरज आहे. कारण चाक आणि घण यांना ताठ दांड्याने जोडले तर घण नेहमी ठराविक उंचीपर्यंतच येईल, लोखंड जाड असले की यंत्र अडेल वा मोडेल, आणि पातळ असले की घाव पोहोचणारच नाही. पाटे लवतात म्हणून घण वेगाच्या भरात चाकाच्या फेऱ्याबाहेर झेपावतो, आणि वेग जितका अधिक तितका घाव अधिक खोल जातो. पाट्यांना भोक पाडू नये, त्यांवर वेल्डिंगही करू नये, कारण कमानीचे पोलाद तेथे ठिसूळ होऊन मोडते. ते कड्यांनी आवळून बांधावेत, आणि मोडलेल्या पाट्याचा तुकडा अंगावर येऊ नये म्हणून वर जाळीचे कवच अवश्य असावे. आपल्या देशात ट्रकचे पाटे प्रत्येक तालुक्याच्या भंगारात मिळत असल्याने ही रचना सर्वांत स्वस्त पडते. मात्र तिचा हलका घाव मिळविण्यास पाय फार कसावा लागतो.

दुसरी रचना टायरच्या घणाची. क्ले स्पेन्सर या अमेरिकन लोहाराने प्रसृत केलेल्या आराखड्यांवरून तिकडे कारागिरांचे गट एकत्र जमून एकाच वेळी असे अनेक घण बांधीत आले आहेत, आणि सामुदायिक श्रमाचा हा दस्तुर अनुकरणीय आहे. मोटारीच्या जादा चाकाचा लहान टायर आसावर फिरता बसवितात. विजेची मोटर बिजागरीवर टांगलेली असते, आणि पायपट्टी दाबली की मोटरीवरचा रोलर टायरच्या पाठीवर टेकून त्याला फिरवू लागतो. पाय हलका ठेवला तर रोलर घसरत फिरतो व घण सावकाश चालतो, पाय भक्कम दाबला तर पूर्ण वेग येतो. निराळ्या क्लचची गरजच उरत नाही. घणाला ओढणारी स्प्रिंगची बिजागरी जोडणी मात्र ‘लिटल जायंट’ या जुन्या अमेरिकन घणाच्या घराण्यातली आहे. घणाचे वजन ५० पौंड, म्हणजे सुमारे २३ किलो असते. घाताच्या क्षणी त्याचा वेग सेकंदाला ४ मीटर धरला तर प्रत्येक घावाची ऊर्जा १८४ जूल येते, आणि मिनिटाला २५० घाव पूर्ण जोराने पडले तर ७६७ वॅट, म्हणजे एका अश्वशक्तीहून किंचित अधिक शक्ती लागते. घर्षणाची भर धरून दीड अश्वशक्तीची मोटर बसविली की घरगुती एकेरी फेजवर हा घण चालतो.

येथे आपल्या वाचकांसाठी एक सूचना करणे मला अगत्याचे वाटते. अमेरिकन आराखडे तेथील ६० आवर्तनांच्या विजेसाठी काढलेले असतात, व तेथील चार ध्रुवांची मोटर मिनिटाला सुमारे १७५० फेरे घेते. आपल्याकडील ५० आवर्तनांवर तीच मोटर सुमारे १४४० फेरेच घेते. आराखड्यातील रोलर जसाच्या तसा कातून घेतला तर घण सुमारे अठरा टक्के मंद चालेल, आणि बांधणारा विनाकारण स्प्रिंगला दोष देत बसेल. टायरचा व्यास ५५ सेंटिमीटर असता मिनिटाला २५० घाव हवे असतील, तर रोलरचा व्यास साडेनऊ सेंटिमीटर ठेवावा, असे त्रैराशिकाने निघते.

तिसरी रचना हवेच्या घणाची. रॉन किन्यन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आराखड्यात बाजारी हवा-सिलिंडर घणाला वर-खाली ओढतो, घणाबरोबर सरकणारी पट्टी एका चाकाच्या लहान व्हॉल्व्हला दाबते व सोडते, आणि त्यासरशी हवेचा प्रवाह उलटतो. यात फिरणारे भाग थोडे, वेल्डिंग सोपे, आणि पायाखालचा अंमल उत्तम; हलका घाव, एकच घाव, घण वर धरून ठेवणे, सारे काही साधते. पण हवेची भूक मोठी. पाच अश्वशक्तीच्या आसपासचा कंप्रेसर व मोठी टाकी हाताशी नसेल तर लोखंड चार-पाच वेळा तापवून ठोकल्यावर घण धापा टाकू लागतो, आणि तेवढ्या कंप्रेसरसाठी बहुधा तीन फेजांची जोडणी मागावी लागते. ज्याच्या वर्कशॉपात कंप्रेसर आधीच आहे त्याने हीच रचना निवडावी. ज्याला तो नव्याने घ्यावा लागणार आहे त्याने टायरकडे वळावे. स्वतःचा हवापंप पोटातच असलेले दोन सिलिंडरांचे घण, ज्यांत जर्मनीच्या बेशे व इंग्लंडच्या मॅसी यांचे नाव मोठे, ते सर्वांत गुणी होत. परंतु त्यांच्या सिलिंडरांची बारीक कातणी घरच्या हत्यारांच्या आवाक्याबाहेरची आहे, म्हणून त्यांचा विचार येथे सोडतो.

बांधणाऱ्यांचे सारे लक्ष हलणाऱ्या भागांवर असते आणि पैसाही तेथेच खर्च होतो. खरे मोल मात्र न हलणाऱ्या ऐरणीचे आहे. घणाच्या वजनाला घण व ऐरण यांच्या एकत्रित वजनाने भागले असता जो अंश येतो, तेवढी ऊर्जा ऐरण ढकलण्यात व जमिनीत मुरण्यात वाया जाते. ऐरण घणाच्या पाचपट असेल तर सुमारे सतरा टक्के वाया, दहापट असेल तर नऊ, पंधरापट असेल तर सहा, आणि वीसपट केली तरी पाच टक्के. म्हणजे पाचावरून दहावर जाणे अत्यंत लाभाचे आणि पंधराच्या पुढे जाणे केवळ हौसेचे. २३ किलोच्या घणाला २५ सेंटिमीटर व्यासाचा, ७५ सेंटिमीटर उंचीचा भरीव पोलादी गोल घेतला तर तो सुमारे २९० किलो भरतो आणि साडेबारापटीचे उत्तम प्रमाण मिळते. पोकळ नळीत काँक्रीट वा वाळू भरून वजन जमविण्याची हिकमत पुष्कळजण लढवितात. ती फसते, कारण वजन असूनही घावाखाली पोलादाचा सलग स्तंभ नसतो आणि प्रत्येक घाव त्या भरावात मऊ पडतो. भरीव गोल न मिळाल्यास जाड पट्ट्या उभ्या जोडून, वरपासून खालपर्यंत त्यांच्यात सांधा न ठेवता, कडांनी वेल्ड करून स्तंभ करावा. आडव्या पट्ट्यांची चळत कधीही करू नये. मुंबईत दारूखान्याकडे जहाजांचे व कारखान्यांचे जड लोखंड विकले जाते; अशा भंगारात तुटक्या आसाचा एखादा ओबडधोबड तुकडा शोधण्यात चार दिवस गेले, तरी ते सत्कारणी लागले असे समजावे. ऐरणीखाली जाड लाकूड वा रबर घालून स्वतंत्र काँक्रीटचा पाया करावा, नाहीतर शेजाऱ्याच्या भिंतीतली भांडी रोज तक्रार घेऊन येतील.

घणाच्या तोंडी बसविण्याच्या डाय म्हणजे ठोकणाऱ्या पृष्ठांबद्दल थोडक्यात सांगतो. त्या ईएन १९ किंवा ईएन २४ या पोलादाच्या कराव्यात, पाणी देऊन कठीण व मग पुरेशा नरम कराव्यात, आणि बोल्टने वा पाचरीने अशा बसवाव्यात की त्या बदलता येतील. सपाट डाय पृष्ठ स्वच्छ करते. अर्धगोल डाय, लाटणे जसे कणकेला आपल्या लांबीच्या काटकोनात पसरविते, त्याच न्यायाने लोखंडाला एका दिशेस लांबविते. पात्यांसाठी किंचित फुगीर पण कडा चांगल्या गोल केलेली सपाट डाय सर्वांत उपयुक्त. कारण धारदार कडेने पडलेला ओरखडा पुढे धार लावताना तडा होऊन वर येतो.

आता शिकण्याविषयी. मिनिटाला २५० घाव म्हणजे अडीच सेकंदांत दहा घाव; हाताने ज्या चुकीला एक मिनिट लागले असते ती येथे दोन श्वासांत होऊन जाते, आणि चुकीचा विस्तार बळाच्या प्रमाणात मोठा असतो. म्हणून आरंभी लोखंड नकोच. देवदाराची फळी डायवर धरून, एकच घाव घालून थांबणे, मग दोन घालून थांबणे, मग फळीवर खूण उमटेल पण लाकूड दबणार नाही असा घाव घालणे, हा अभ्यास पाय व कान यांना यंत्राची ओळख होईपर्यंत करावा. डायवर डाय कोरडी आपटू द्यावयाची नाही. तो आघात घण व ऐरण दोहोंनाही फोडतो.

त्यानंतर २० मिलिमीटर चौरस साध्या लोखंडी सळईला टोक काढावे. प्रत्येक फेरीनंतर सळई बरोबर नव्वद अंशांनी वळवावी. वळण चुकले की चौकोनाचा समांतरभुज चौकोन होतो आणि घणाखाली तो झपाट्याने अधिकच तिरपा होत जातो, त्यामुळे तिरपेपणा दिसताच थांबून उंच कोपरे आधी बसवावेत. जाड लोखंडावर दबकत दबकत मारलेल्या हलक्या घावांनी केवळ वरची कातडी लांबते व गाभा मागे राहतो, आणि टोकाशी माशाच्या तोंडासारखी खोबण पडून ती पुढे दुमडते व धातूत दोष राहतो. म्हणून जाडी मोठी असता घाव भक्कम व उष्णता पूर्ण हवी, आणि जाडी कमी होत जाईल तसा पाय हलका व्हावा. शिकाऊ माणूस बरोबर याच्या उलट करतो: भीतीने सुरुवातीस हलके मारतो व धीर आल्यावर शेवटी जोरात.

शरीराची ठेवण यात निर्णायक असते. सांडशीची टोके पोटासमोर न धरता कमरेच्या बाजूस धरावीत, कारण लोखंड डायवर सपाट टेकलेले नसेल तर घण सांडशीला तरफेसारखे उडवितो. काम डायच्या मध्यावर ठेवावे. कडेला ठोकत राहिल्यास घणाच्या मार्गिका एका बाजूने झिजतात व मग सरळ घाव कधीच मिळत नाही. सैल सांडशी घणापाशी आणूच नये. कानांना आवरण, डोळ्यांना चष्मा, पायात जाड बूट, आणि पट्टे व टायर यांवर लोखंडी कवच, या बाबतीत कोणतीही तडजोड मला मान्य नाही.

पाते घडविताना घणाने काय करावे आणि हाताने काय करावे, यावर कारागिरांत मतभेद आहेत. घणाने टोक काढावे, मुठीकडून टोकाकडे जाडी उतरवीत न्यावी, रुंदी ठरवावी. पण धारेकडचा उतार प्रारंभी हातोडीनेच द्यावा, असे माझे मत आहे. उतार देताना पाते धारेच्या बाजूने लांबून वाकडे होते, आणि ते वाकणे घावागणिक सावरावे लागते. हे सावरणे ज्याला हाताने साधले नाही त्याला घणाखाली साधणार नाही. जाडीची मर्यादा राखण्यासाठी दोन डायच्या बाजूस ठराविक उंचीचे थांबे ठेवण्याची युक्ती मात्र पहिल्या दिवसापासून वापरावी. उष्णतेबद्दलही यंत्र फसविते. १०८४ किंवा ५१६० सारखे पोलाद सुमारे ११०० अंशांपासून घडवावे आणि ८०० अंशांच्या आसपास, लाली मंद होताच, थांबावे. हाताला थंड लोखंडाचा विरोध जाणवतो, पण घणाला तो जाणवत नाही, आणि थंड पोलाद तो निमूटपणे फोडून टाकतो. घावाचा आवाज कोरडा व उंच होऊ लागला की लोखंड भट्टीत परत गेले पाहिजे, हे कानाने ओळखावयास शिकणे हा प्रशिक्षणाचा मोठा भाग आहे.

थर जोडण्याच्या वेळी नास्मिथच्या अंड्याची आठवण ठेवावी. टाकणखार वितळून पट्ट्यांच्या फटींतून चमकू लागला की पहिले घाव मधोमध, संथ आणि अलगद पडावयास हवेत, म्हणजे पृष्ठे एकमेकांस चिकटतात व खार बाहेर निघतो. पहिलाच घाव जोराचा बसला तर पट्ट्या एकमेकींवरून सरकतात, आणि घसटलेली जोडणी पुढे कितीही ठोकली तरी पूर्ण जुळत नाही. म्हणूनच थरांच्या कामासाठी पुष्कळ कारागीर घणाऐवजी सुमारे २५ टनांचा हायड्रॉलिक प्रेस पसंत करतात; तो संथ दाबतो, आवाज करीत नाही, शहरी वस्तीत खपतो आणि पायाही मागत नाही. त्याची उणीव अशी की डाय व लोखंड यांचा स्पर्श दीर्घ असल्याने पातळ काम लवकर थंड होते. घणाचा स्पर्श क्षणाचा असल्याने उष्णता टिकते. जोडणीला प्रेस व लांबणीला घण, अशी विभागणी सर्वोत्तम खरी. पण ज्याला एकच यंत्र परवडते आणि ज्याच्या घराला घर लागून आहे त्याने प्रेसच घ्यावा.

कायद्याची बाब येथे टाळून चालणार नाही. शस्त्र अधिनियम १९५९ खालील नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक उपयोगासाठी नसलेली धारदार हत्यारे शस्त्रांच्या प्रवर्गात मोडतात. कोयता, विळा, सुरी यांस अडचण नाही. तलवार वा खंजीर घडविण्याचा मनसुबा असेल तर आधी जिल्हाधिकारी वा पोलीस आयुक्त यांच्या दप्तरी चौकशी करून परवान्याची तजवीज करावी.

ज्यांना घण बांधावयाचा आहे त्यांनी २३ किलोच्या टायरच्या घणापासून आरंभ करावा, घण बांधण्याआधी ऐरणीचे लोखंड विकत घ्यावे, आणि हे काम एकट्याने न करता गावातील लोहाराला बरोबर घेऊन करावे. त्याला वेल्डिंग कदाचित येत नसेल, पण तापल्या लोखंडाची पारख त्याच्याइतकी तालुक्यात दुसऱ्या कोणाला असणार नाही. आणि तयार झालेला घण आठवड्यातले काही दिवस त्याच्या कोयत्या-विळ्यांसाठी चालला, तर त्याच्या घरच्या माणसांच्या खांद्यावरचा भार तेवढा तरी उतरेल.